भिंती नसलेले खोके: एका भूमिती-लायब्ररीने सममिती कशी सांभाळली

विश्वरचनेचे अभ्यासक संगणकात विश्वाचा एक घनाकार तुकडा उभा करतात. त्यात लाखो-कोटी कण सोडतात आणि गुरुत्वाकर्षणाला आपले काम करू देतात. घनाला सहा बाजू असतात, विश्वाला मात्र कुठे भिंत नाही. म्हणून एक युक्ती सर्वांनीच स्वीकारलेली आहे. उजव्या बाजूने बाहेर पडलेला कण त्याच क्षणी डावीकडून आत येतो, वरून निसटलेला खालून परततो. म्हणजे तो एकच तुकडा चारी दिशांना आणि वर-खाली अनंत वेळा मांडलेला आहे असे धरायचे. फरशीचा एकच नमुना घरभर बसवावा तसे. स्फटिकांतील अणू, साबणाचा फेस, सच्छिद्र खडकातून झिरपणारे पाणी यांची गणितेही अशीच ‘आवर्ती’ खोक्यात केली जातात.

आता या कणांतून जाळे विणायचे आहे. विणकाम डेलॉने त्रिकोणीकरणाचे. बोरिस डेलॉने या रशियन गणितज्ञाने १९३४ साली मांडलेली अट साधी आहे: चार-चार बिंदू जोडून चतुष्फलक (चार त्रिकोणी पृष्ठांचा आकार) करा, पण प्रत्येकाच्या परिगोलाच्या, म्हणजे चारही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या गोलाच्या, आत दुसरा एकही बिंदू येता कामा नये. परिगोल रिकामा हवा. या जाळ्यातून घनता काढता येते. शाप आणि व्हान दे वेयगार्ट यांनी २००० मध्ये मांडलेल्या पद्धतीत एखाद्या कणापाशी असलेली घनता म्हणजे त्या कणाचे वस्तुमान गुणिले चार, भागिले त्याला चिकटलेल्या सर्व चतुष्फलकांचे एकूण घनफळ. चारने गुणायचे, कारण प्रत्येक चतुष्फलक चार कणांच्या वाट्याला येतो. जाळे भिंतीपाशी चुकले की घनताही तिथेच चुकते, आणि जिथे काहीच वेगळे नाही तिथे एक खोटी पोकळी किंवा खोटी भिंत दिसू लागते.

हे प्रकरण आहे सीगल (CGAL) या लायब्ररीचे, म्हणजे सी प्लस प्लस या संगणकभाषेत लिहिलेल्या भूमितीच्या तयार प्रोग्रामांच्या संचाचे. युरोप आणि इस्रायलमधल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी १९९६ मध्ये तिचे काम सुरू केले. झ्युरिक, युट्रेख्ट, जारब्र्युकेन, तेल अवीव आणि फ्रान्समधली इन्रिया ही त्यातली काही ठिकाणे. साध्या, अनंत पसरलेल्या अवकाशातले डेलॉने त्रिकोणीकरण तिच्यात फार आधीपासून होते. २००९ च्या ३.५ आवृत्तीत मानुएल कारोली आणि मोनिक तेयो यांनी त्रिमितीय आवर्ती त्रिकोणीकरण आणले. खगोलशास्त्रज्ञांची गरज त्यांना जवळून ठाऊक होती, कारण ग्रोनिंगेन विद्यापीठाशी इन्रियाचे सहकार्य होते. मला या कामाबद्दल लिहावेसे वाटते ते त्यातल्या एका निर्णयासाठी. सममिती सांभाळण्याचे काम त्यांनी वापरणाऱ्याच्या गळ्यात घातले नाही. ते लायब्ररीने स्वतःकडे घेतले, आणि ते सुरक्षितपणे घेता यावे यासाठी लागणारे गणित आधी सिद्ध केले.

प्रतींचा मार्ग

सगळ्यांना आधी सुचतो तो मार्ग मलाही सुचला होता. मूळ खोक्याभोवती त्याच्या २६ प्रती रचायच्या, म्हणजे ३ × ३ × ३ अशी २७ खोकी. सगळ्या बिंदूंचे नेहमीचे त्रिकोणीकरण करायचे आणि मधल्या खोक्यापुरते जाळे कापून घ्यायचे. बाहेरच्या कडेला जाळे बिघडेल, पण मधले खोके त्या बिघाडापासून दूर आहे. कागदावर सगळे ठीक दिसते.

माझ्याकडे तपासणीसाठी एक सोपी कसोटी होती. कापून घेतलेल्या चतुष्फलकांच्या घनफळांची बेरीज खोक्याच्या घनफळाएवढी भरली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. ती भरेना. काही संचांत किंचित जास्त, काहींत किंचित कमी. मी दोन दिवस घनफळाच्या सूत्रात चूक शोधत बसलो. चूक तिथे नव्हतीच.

पहिले कारण कापण्याच्या नियमात होते. भिंतीवर आडवा पडलेला चतुष्फलक अर्धा आत, अर्धा बाहेर असतो, आणि त्याची जुळी प्रत पलीकडच्या भिंतीवर असते. दोघांतला एकच मोजायचा. मी ठरवले होते, ज्याचा सर्वांत डावीकडचा शिरोबिंदू मूळ खोक्यात तो आपला. पण दोन शिरोबिंदू नेमके सारख्याच उभ्या रेषेवर आले की ‘सर्वांत डावा’ कोण हे बिंदू कोणत्या क्रमाने आले त्यावर ठरू लागले. मग काही चतुष्फलक दोनदा मोजले गेले, काही एकदाही नाही.

दुसरे कारण जास्त खोल होते, आणि ते समजल्यावर मला या विषयाची गोडी लागली. संगणकातल्या दशांश आकड्याचे सार्थ अंक सहसा ५३ बिटांत बसवलेले असतात, दशांश चिन्हाची जागा वेगळी साठवतात. समजा खोक्याची बाजू १ आहे. एका बिंदूचा पहिला निर्देशांक ० आहे, दुसऱ्याचा १ भागिले २ चा ६० वा घात. हे दोन्ही आकडे संगणक नेमके साठवू शकतो, दोघे वेगळे आहेत. आता दोघांना एका घराने उजवीकडे सरकवा. पहिल्याचे झाले १. दुसऱ्याचेही झाले १, कारण १ च्या शेजारी इतका बारीक फरक मावतच नाही. मूळ खोक्यात दोन बिंदू होते, प्रतीत ते एकावर एक बसले. मी ज्याला प्रत म्हणत होतो ती प्रत नव्हतीच. २७ खोक्यांचा माझा संच सममित दिसत होता, पण नव्हता. आणि परिगोल रिकामा आहे की नाही हा प्रश्न अशा बारीक फरकावरच फिरतो. डाव्या भिंतीपाशी ‘रिकामा’ आणि उजव्या भिंतीपाशी ‘भरलेला’ अशी दोन उत्तरे मिळाली की जाळ्याची दोन टोके जुळत नाहीत.

सत्तावीस पट मेमरी हा तिसरा तोटा आहे, पण त्याबद्दल फार बोलण्याची गरज नाही. तो पहिल्याच दिवशी कळतो.

एकच बिंदू

कारोली आणि तेयो यांची सुरुवात उलट टोकाने होते. प्रती करूच नका. सरकवून एकमेकांवर बसणारे सगळे बिंदू एकच बिंदू माना. गणितात याला गटाने केलेला भागाकार म्हणतात: साधे अवकाश, भागिले पूर्णांकी सरकवण्यांचा गट. द्विमितीय चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू अशा जोडल्या की मेदुवड्याच्या पृष्ठभागासारखा टोरस मिळतो. त्रिमितीय घनाचेही तसेच, फक्त तो डोळ्यांपुढे आणता येत नाही. टोरसला भिंत नाही. त्यामुळे साध्या त्रिकोणीकरणात लायब्ररीला जो एक काल्पनिक ‘अनंतातला शिरोबिंदू’ घ्यावा लागतो, तोही इथे लागत नाही.

अडचण येते बिंदू थोडे असताना. आणि लायब्ररीला थोड्या बिंदूंतूनच जावे लागते, कारण तिचे अल्गोरिदम एकेक बिंदू घालत जाते. पहिला बिंदू घालताना खोक्यात एकच बिंदू असतो.

द्विमितीय टोरसवर एकच बिंदू घ्या. त्याच्या सगळ्या प्रती मिळून चौकोनी जाळी होते. प्रत्येक चौकोनात एक कर्ण टाकला की त्रिकोण मिळतात. आता सरकवून जुळणारे एकत्र मोजा: १ शिरोबिंदू, ३ कडा, २ त्रिकोण. ऑयलरची बेरीज (शिरोबिंदू, उणे कडा, अधिक त्रिकोण) १ − ३ + २ = ०, टोरसला हवी तशीच. पण या जाळ्यातली प्रत्येक कड आपल्याच बिंदूतून निघून त्याच बिंदूत परत येते. प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही शिरोबिंदू एकच. सीगलची रचना मात्र त्रिकोण ओळखते ते त्याच्या शिरोबिंदूंवरून आणि शेजाऱ्यांवरून. दोन्ही त्रिकोणांचे शिरोबिंदू तेच आणि शेजारीही तेच असतील, तर ती रचना आंधळी होते.

मग थोडे उलगडायचे. संपूर्ण अनंत जाळीकडे परत न जाता, टोरसचे काही पदर उलगडायचे. गणितात याला आच्छादन अवकाश म्हणतात. त्यातल्या प्रत्येक प्रतीला मी पदर म्हणतो, कारण साडीच्या निऱ्यांसारखे ते एकाखाली एक बसतात आणि सगळ्यांवर नक्षी तीच असते. प्रत्येक दिशेला दोन पदर घेतले तर? २ × २ म्हणजे ४ शिरोबिंदू, १२ कडा, ८ त्रिकोण. पण चार बिंदूंत जोड्या होतात फक्त ६. बारा कडा सहा जोड्यांत बसवायच्या, म्हणजे काही जोड्यांमध्ये एकापेक्षा जास्त कडा येणारच. तीन पदर घेतले तर ३ × ३: ९ शिरोबिंदू, २७ कडा, १८ त्रिकोण. नऊ बिंदूंत जोड्या ३६. प्रत्येक शिरोबिंदूला सहा शेजारी आणि सहाही वेगळे. जाळे चोख बसते.

(टोरसवर कुठलेही चोख त्रिकोणी जाळे विणायला निदान ७ शिरोबिंदू लागतात, तेव्हा कडा २१ आणि त्रिकोण १४. सातांतली प्रत्येक जोडी एकमेकांना जोडलेली. १९४९ मध्ये हंगेरीच्या आकोश चासार यांनी सपाट बाजूंचे तसे एक घनरूपही दाखवले. आपल्या नऊच्या जाळ्यात सातपेक्षा फक्त दोन जास्त आहेत, हे मला फार सुंदर वाटते.)

त्रिमितीत तीच गोष्ट २७ पदरांनी होते. एकच बिंदू घातला की सीगल आतल्या आत २७ शिरोबिंदू, १८९ कडा, ३२४ त्रिकोणी पृष्ठे आणि १६२ चतुष्फलक उभे करते. २७ − १८९ + ३२४ − १६२ = ०. प्रत्येक घनाचे सहा चतुष्फलक, असे २७ घन. थोड्या बिंदूंची आवर्ती मांडणी तीन पट बाजूच्या खोक्यात पुरती पकडता येते हे डोल्बिलिन आणि ह्युसन यांनी १९९७ मध्ये दाखवले होते. कारोली आणि तेयो यांनी त्याचा लायब्ररीसाठी उपयोग केला.

म्हणजे इथेही सत्तावीस आलेच, असे वाटेल. पण दोन फरक आहेत. या प्रती सममित असल्याची हमी लायब्ररीची स्वतःची आहे, वापरणाऱ्याच्या बेरजेवर ती अवलंबून नाही. आणि मुख्य म्हणजे हे पदर कायमचे नाहीत.

पदर कधी उतरवायचे

या सगळ्या कामाचा मला सर्वांत आवडणारा भाग हा आहे. बिंदू वाढले की जाळे दाट होते, कडा आखूड होतात, आणि एक वेळ अशी येते की एकाच पदरावर, म्हणजे खऱ्या टोरसवर, जाळे चोख बसते. ती वेळ नेमकी कोणती? अंदाजाने उत्तर देऊन चालणार नाही. लवकर उतरलो तर रचना मोडेल, उशिरा उतरलो तर उगाच सत्तावीस पट काम.

खोक्याची बाजू ‘क’ धरा. जाळे बिघडते ते एखाद्या जोडीमध्ये दोन कडा आल्या की. म्हणजे एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूच्या दोन वेगवेगळ्या प्रतींकडे कडा जातात. पण एकाच बिंदूच्या दोन प्रती एकमेकींपासून निदान ‘क’ अंतरावर असतात. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा कमी नसते, म्हणून त्या दोन कडांची बेरीज निदान ‘क’. प्रत्येक कड ‘क’च्या निम्म्याहून आखूड असेल, तर हे घडूच शकत नाही. शाळेतल्या भूमितीने उत्तर मिळाले.

पण आज कडा आखूड आहेत म्हणून उद्या नवा बिंदू घातल्यावरही तशाच राहतील का? नुसत्या कडांवरून याची खात्री देता येत नाही. खात्री देतो तो रिकामा गोल. डेलॉने जाळ्यातली प्रत्येक कड कुठल्या तरी रिकाम्या गोलात मावते, म्हणून तिची लांबी त्या गोलाच्या व्यासाहून जास्त नसते. आणि बिंदू वाढत गेले की रिकामे गोल लहानच होतात, कधी मोठे होत नाहीत. तेव्हा अट गोलावर घालायची: सर्वांत मोठ्या रिकाम्या गोलाचा व्यास ‘क’च्या निम्म्याहून कमी हवा. एकदा ती पाळली गेली की पुढे कितीही बिंदू घाला, ती मोडत नाही.

आता प्रत्येक पायरीला सर्वांत मोठा रिकामा गोल शोधत बसणे महाग आहे. कडांची लांबी मोजणे स्वस्त. दोघांना जोडणारा दुवा १९०१ च्या युंग यांच्या प्रमेयात आहे. त्रिमितीत ज्या बिंदूंमधले अंतर ‘ल’हून जास्त नाही, ते सगळे ल × √६ ÷ ४ त्रिज्येच्या गोलात मावतात. सगळ्या कडा ‘ल’पर्यंतच असतील तर चतुष्फलकाच्या आतली कोणतीही जागा त्याच्या एखाद्या शिरोबिंदूपासून त्याहून लांब नसते. म्हणून रिकाम्या गोलाचा व्यास जास्तीत जास्त ल × √६ ÷ २. तो ‘क’च्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे ल हा क ÷ √६ पेक्षा कमी हवा. वर्ग केला की: कडेच्या लांबीचा वर्ग, खोक्याच्या बाजूच्या वर्गाच्या एक षष्ठांशाहून कमी.

सीगलच्या सोर्स कोडमध्ये या जागी ०.१६६ असा आकडा आहे. पहिल्यांदा तो वाचला तेव्हा मला वाटले की हा कुणीतरी चाचपडत ठरवलेला आकडा असावा. वर मांडलेला हिशेब केल्यावर कळले, तो एक षष्ठांश आहे, सुरक्षित बाजूला थोडा कमी धरलेला. द्विमितीय पॅकेजसाठी हाच हिशेब समभुज त्रिकोणाने करा, तीन सोळांश येतात. कोडमधल्या एका आकड्यामागे पूर्ण सिद्धता उभी असावी, आणि ती आपल्याला कागद-पेन्सिलीने पुन्हा करता यावी, याहून चांगली लायब्ररी कोणती?

ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. एकाच बिंदूचे ३ × ३ पदर पाहा: खोक्याची बाजू आता ३ क, निम्मी १.५ क, आणि चौकोनी जाळीतल्या रिकाम्या वर्तुळाचा व्यास √२ क, म्हणजे सुमारे १.४१ क. अट पाळली जाते. त्रिमितीत मात्र तो व्यास √३ क, सुमारे १.७३ क होतो, १.५ क पेक्षा जास्त. तरीही २७ पदरांचे जाळे चोख असते. तिथे वेगळा युक्तिवाद लागतो.

प्रत्यक्षात लायब्ररी मर्यादेहून लांब असलेल्या कडा मोजत राहते. ती संख्या शून्य झाली की २७ पदरांवरून एकावर उतरते. बिंदू काढून टाकल्यावर अट मोडली तर पुन्हा २७ वर चढते. वापरणाऱ्याला यातले काही करावे लागत नाही. ज्याला ठाऊक आहे की आपले बिंदू लाखांत आहेत, त्याच्यासाठी आणखी एक सोय आहे. आधी ३६ आगंतुक बिंदू अशा जागी घालायचे की एकाच पदरावर सुरुवात करता येईल, मग खरे बिंदू घालायचे, शेवटी ते ३६ काढून टाकायचे. साध्या घनाकार जाळीने हेच साधायचे म्हटले तर रिकाम्या गोलाच्या अटीसाठी ४ × ४ × ४, म्हणजे ६४ बिंदू लागले असते. ३६ मध्ये ते बसवले आहे.

रांगोळीतला चौकोन

एका पदरावर आल्यावर चतुष्फलकाचे चार शिरोबिंदू सांगून भागत नाही. त्यातला कोणता भिंतीपलीकडचा आहे तेही सांगावे लागते. म्हणून प्रत्येक शिरोबिंदूसोबत सरक लिहिलेली असते: प्रत्येक दिशेला ० किंवा १. शिरोबिंदूमागे ३ बिट, चतुष्फलकामागे १२. इतक्यात काम होते.

बिंदू आणि सरक यांची बेरीज करून नवा बिंदू साठवला जात नाही. दोघे शेवटपर्यंत वेगळे राहतात. ‘हा बिंदू त्या परिगोलाच्या आत आहे का’ असे विचारले की आधी अंतराल-अंकगणिताने, म्हणजे खालची आणि वरची मर्यादा धरून, झटपट उत्तर काढले जाते. त्यातून निर्णय लागला नाही तरच अचूक अंकगणित वापरले जाते. त्यामुळे १ च्या शेजारी विरघळून जाणारा तो बारीक फरक इथे विरघळत नाही. माझ्या घनफळाच्या बेरजेला जे झाले ते इथे होणारच नाही, कारण प्रत कधी बनतच नाही.

उरतो तो सममितीचाच दिलेला त्रास. बिंदू सुबक मांडलेले असले की परिगोलावर चारऐवजी पाच, सहा, आठ बिंदू येतात. घनाचे आठही कोपरे एकाच गोलावर असतात. स्फटिकात तर हे नेहमीचेच. मग आत की बाहेर? दोन्ही नाही, नेमका वर. अशा वेळी जाळे कसे कापायचे ते ठरवावे लागते.

ठिपक्यांच्या रांगोळीतला एक चौकोन डोळ्यांपुढे आणा. चार ठिपके, दोन कर्ण. कोणता काढायचा? आधी टाकलेल्या ठिपक्यातून निघणारा, असा नियम केला, तर सत्तावीस प्रतींच्या मार्गात प्रत्येक प्रतीतल्या ठिपक्यांना वेगळे क्रमांक असतात. मग एका खोक्यात कर्ण या अंगाने आणि त्याच चौकोनाच्या दुसऱ्या प्रतीत त्या अंगाने पडू शकतो. भिंतीवरचा चौकोन असेल तर दोन बाजूंची जाळी जुळायचीच नाही. बरे, सगळ्या प्रतींना एकच क्रमांक दिला, तर खोक्यात एकच बिंदू असताना चौकोनाच्या चारही कोपऱ्यांचा क्रमांक तोच. निर्णय लागणार कसा?

सीगलने आधीच्या, साध्या त्रिकोणीकरणात याचे उत्तर शोधून ठेवलेले होते. ऑलिव्हिये देव्हिये आणि मोनिक तेयो यांनी बिंदूंना मनातल्या मनात अतिसूक्ष्म धक्का देण्याची पद्धत बसवली. धक्क्याचा क्रम ठरतो तो बिंदूंच्या शब्दकोशी क्रमाने: आधी पहिला निर्देशांक पाहा, तो सारखा असेल तर दुसरा, मग तिसरा. बिंदू कधी घातला याच्याशी त्याचा संबंध नाही. हा क्रम आवर्ती खोक्यातही जसाच्या तसा चालतो, कारण दोन बिंदू एकाच सरकीने हलवले तर त्यांच्यातला डावा-उजवा क्रम बदलत नाही. प्रत्येक चौकोनात कर्ण एकाच अंगाने पडतो, भिंतीवरच्या चौकोनातही. वर सांगितलेले एका बिंदूचे १६२ चतुष्फलक असेच एका वळणाने कापले जातात. साध्या अवकाशासाठी केलेली निवड किती विचारपूर्वक होती, हे ती अशी नव्या जागी चपखल बसली तेव्हा दिसले.

घनाच्या पलीकडे

२००९ च्या पॅकेजमध्ये खोके घनाकारच हवे ही अट होती, आणि ज्यांना तिरप्या पेशीचे (पेशी म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारे खोके) स्फटिक हाताळायचे होते त्यांच्यासाठी ती खरी गैरसोय होती. ‘प्रती एकमेकींपासून निदान क अंतरावर’ हे वाक्य तिरप्या पेशीत पेशीच्या बाजूंवरून सांगता येत नाही. लांबुळक्या समांतरभुज पेशीच्या बाजू मोठ्या असूनही तिच्या प्रती एका आडव्या दिशेने अगदी जवळ येऊ शकतात. आधी त्या जाळीचा सर्वांत आखूड सरकींचा पाया शोधावा लागतो. २०२० मध्ये ओसांग, रुक्सेल-लाबे आणि तेयो यांनी कुठल्याही जाळीसाठी हे त्रिकोणीकरण विस्तारले ते याच वाटेने. त्याआधी २०१९ मध्ये सीगलमध्ये एक हायपरबोलिक, म्हणजे ऋण वक्रतेच्या भूमितीचे, पॅकेज आले, बोल्झा पृष्ठासाठी. तिथे खोके म्हणजे हायपरबोलिक पातळीतला नियमित अष्टकोन, आणि समोरासमोरच्या बाजू जोडल्या की दोन भोकांचा वडा होतो. तिथे पदर उलगडण्याऐवजी सरळ १४ आगंतुक बिंदूंनी सुरुवात करतात. तर्क तोच, रिकाम्या वर्तुळाचा.

पण स्फटिकाची सममिती नुसती सरकण्याची नसते. पातळीवरच्या आवर्ती नक्षीचे १७ गट आहेत, त्रिमितीत २३० स्फटिकगट. त्यांतल्या बहुतेकांत फिरवणे, परावर्तन किंवा दोन्ही असतात. तिथे वरचा सगळा हिशेब ज्या वाक्यावर उभा होता तेच वाक्य निसटते. फिरण्याच्या अक्षावरचा बिंदू फिरवला की तो स्वतःवरच येतो. बिंदू आणि त्याची प्रत यांतले अंतर शून्य. बीबरबाख यांच्या प्रमेयाने एक आधार मिळतो: प्रत्येक स्फटिकगटात सरकवण्यांचा उपगट असतोच, आणि तो मूळ गटाच्या काही मर्यादित पटींनीच लहान असतो. म्हणून आधी टोरसवर जाळे विणायचे आणि मग फिरवण्याने भागायचे, असे करता येते. बिंदू अगदी कोणत्याही सर्वसाधारण जागी असतील तर ते चालते.

ते नसतील तर काय होते, ते रांगोळीतल्या त्याच चौकोनात पाहता येते. चौकोनाच्या मध्यावर पाव फेऱ्याची सममिती आहे असे धरा. शब्दकोशी क्रम एक कर्ण निवडतो. नक्षी पाव फेरा फिरवली की ठिपके जिथल्या तिथे बसतात, कर्ण मात्र दुसऱ्या अंगाला जातो. सरकवताना न बदलणारा तो क्रम फिरवताना बदलतो, आणि दुसरा कुठलाही क्रम आणला तरी उपयोग नाही, कारण या चौकोनाचे असे एकही त्रिकोणीकरण नाही जे पाव फेऱ्यानंतर तसेच राहील. तिथे एक तर चौकोन न कापता तसाच ठेवावा लागतो, नाहीतर मध्यावर एक नवा ठिपका घालून त्याचे चार त्रिकोण करावे लागतात.